खंदकातले हसू : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकात सैनिकांनी युद्धकाळात काढलेल्या हास्यचित्रांवर एक छोटे टिपण आले होते. आघाडीवरचा सैनिक जेव्हा विनोदी चित्र काढतो तेव्हा त्यात शत्रू फारसा नसतो, असे एक विधान त्यात ओघात येऊन गेले होते. त्या एका वाक्यावर आणि एकूण विषयावर बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : युद्ध चालू असताना सैनिकाला शत्रूचा राग येत नाही, हे मला पटत नाही. शत्रूची टर उडवणारी कितीतरी व्यंगचित्रे मी स्वतः पाहिली आहेत. आपले विधान घाईचे नाही काय?

आपण पाहिलेली चित्रे खरीच आहेत, परंतु ती कोणी आणि कोठे बसून काढली हे एकदा पडताळून पाहावे. पहिल्या महायुद्धातील सर्वांत जहाल जर्मनविरोधी व्यंगचित्रांसाठी जे नाव आजही घेतले जाते ते लुई रामाकर्स या डच चित्रकाराचे. युद्ध पेटले तेव्हा तो पंचेचाळीस वर्षांचा होता आणि एका वृत्तपत्रासाठी चित्रे काढत होता. खंदकात तो लढलेला नव्हता. त्याच्या चित्रांतील संताप अस्सल आहे, पण तो दुरून आलेला आहे. याउलट ब्रूस बर्न्सफादर हा इंग्रज अधिकारी 1914 च्या अखेरीस रॉयल वॉरिकशायर रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनबरोबर बेल्जियममधील फ्लँडर्स भागात चिखलात उभा होता, मशीनगनची तुकडी सांभाळत होता, आणि त्याच्या चित्रांत आढळतो तो पाऊस, गळके छप्पर, ओले मोजे, डोक्यावरून जाणारा तोफगोळा आणि डब्यातला जॅम.

या जॅमबद्दल थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण सगळी गोम तेथेच आहे. ब्रिटिश सैनिकाच्या शिध्यात जो जॅम येई तो बहुधा प्लम आणि सफरचंद यांच्या मिश्रणाचा असे. महिनोन् महिने तोच. स्ट्रॉबेरीचा जॅमही सैन्यात येतो, पण तो वाटेतच पिछाडीच्या लोकांच्या पोटात जातो, अशी सैनिकांची पक्की समजूत होती. बर्न्सफादरच्या एका प्रसिद्ध चित्रात नवा डबा हाती आलेला वैतागलेला शिपाई विचारतो की हा स्ट्रॉबेरीचा येणार तरी कधी, आणि या प्रश्नाला चित्रकाराने शीर्षक दिले आहे ‘सनातन प्रश्न’. समोर जर्मन सैन्य आहे, रोज माणसे मरत आहेत, आणि सनातन प्रश्न मात्र जॅमचा. जो तेथे नव्हता त्याला हे चित्र उथळ वाटेल. जो तेथे होता त्याला ठाऊक होते की मरणाबद्दल रोज बोलता येत नाही, जॅमबद्दल रोज बोलता येते.

शत्रू चित्रात नसण्याचे दुसरे कारण अगदी साधे आहे : तो दिसतच नसे. खंदकातील सैनिकाला दिवसचे दिवस समोरचा माणूस नजरेस पडत नसे. त्याला दिसे ती मातीची भिंत, उंदीर, शेजारचा सोबती आणि पाहणीला आलेला स्वच्छ बुटांचा वरिष्ठ अधिकारी. चित्रकार जे पाहतो ते काढतो. शिवाय समोरचाही आपल्यासारखाच गुडघाभर पाण्यात उभा आहे हे त्याला माहीत होते. 1914 च्या नाताळात दोन्ही बाजूंचे सैनिक खंदकांतून बाहेर आले तेव्हा बर्न्सफादर तेथे होता आणि त्याने एका जर्मन अधिकाऱ्याशी कोटाच्या गुंड्यांची अदलाबदल केली, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ज्याच्या गुंड्या आपल्या खिशात आहेत त्याला राक्षस म्हणून रंगवणे हाताला जड जाणारच.

विधानाला एक मुरड मात्र घातली पाहिजे. सैन्याने सैनिकांसाठी वरून चालवलेली जी पत्रे होती, त्यांत शत्रूची टिंगल भरपूर सापडते. फ्रान्समधील लील शहर जर्मनांच्या ताब्यात असताना तेथून निघणाऱ्या जर्मन युद्धपत्रात कार्ल आर्नोल्ड या कसलेल्या व्यंगचित्रकाराची चित्रे येत, आणि त्यांत इंग्रजांना सोडलेले नाही. म्हणून आमचे म्हणणे सैनिकी गणवेशातील प्रत्येक चित्रकाराबद्दल नसून, स्वतःच्या सोबत्यांना हसवण्यासाठी काढणाऱ्याबद्दल आहे, असे समजावे.

प्रश्न : खड्ड्यात बसलेल्या दोन सैनिकांचे चित्र फार गाजले असे आपण लिहिले होते. त्यातील विनोद मला इंग्रजीतून कळला नाही. तो मराठीत सांगता येईल काय?

चित्र असे आहे : रात्रीची वेळ, आकाशात चहूबाजूंनी तोफगोळे फुटत आहेत, उघड्या मैदानावर गोळ्याने पडलेल्या एका खड्ड्यात दोन सैनिक छातीपर्यंत बुडून बसले आहेत. एकाने बहुधा जागेबद्दल कुरकुर केली असावी. दुसरा, गलमिश्यांचा वयस्क शिपाई, त्याच्यावर खेकसतो. हे चित्र ‘द बायस्टँडर’ या लंडनच्या साप्ताहिकाच्या 1915 च्या नाताळ अंकात छापले गेले आणि तो मिशाळ शिपाई पुढे ‘ओल्ड बिल’ या नावाने घराघरांत माहीत झाला.

आता चित्राखालची ओळ. तिचे शुद्ध मराठी असे होईल : ‘याहून उत्तम विवर आपणास ठाऊक असल्यास आपण तेथे जावे.’ अर्थ सगळा आला आणि विनोद सगळा गेला. मूळ ओळ लंडनच्या कष्टकरी वस्तीतील बोलीत आहे. तो शिपाई शब्दातला पहिला ‘ह’ गिळतो आणि क्रियापदही व्याकरणाला धरून वापरत नाही. तेव्हा तिला मराठीत आणायचे तर ती ‘ह्याच्याहून बरा खड्डा ठावं असंल, तर जा की तिकडं!’ अशीच आणली पाहिजे. गर्दीच्या डब्यात चौथ्या माणसाला सरकून जागा द्यावी लागली म्हणजे खिडकीजवळचा म्हातारा ज्या सुरात बोलतो, तो हा सूर आहे. आकाश कोसळत असताना माणूस जागेवरून भांडतो आहे, आणि त्याचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे, कारण त्या मैदानावर याहून बरा खड्डा खरोखरच नाही. हसू येते ते या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे.

बर्न्सफादरचे पहिले छापील चित्रही अशाच एका क्षणातून निघाले होते. बेल्जियममधील सेंट इव्हॉन येथील एका पडक्या घरात तो आणि त्याचे सोबती राहत असताना जवळच गोळा पडला, सगळे दाराशी धावले आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न होता की हा पडला कुठे. त्याने ते चित्र काढले, सोबत्यांना आवडले, आणि त्यांच्या आग्रहावरून त्याने ते ‘बायस्टँडर’कडे पाठवले. त्याआधी त्या घराच्या भिंतींवर तो कोळशाने चित्रे काढतच होता. जाता जाता एक गोष्ट : या माणसाचा जन्म 1887 साली तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानातील मरी या थंड हवेच्या ठिकाणी झाला होता.

प्रश्न : पहिल्या महायुद्धाआधीच्या लढायांत सैनिक अशी चित्रे काढत नसत काय?

काढत असत, पण ती घरी पाठवलेल्या पत्रांत किंवा वहीतच राहत. अमेरिकेच्या यादवी युद्धातील चार्ल्स रीड हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मॅसॅच्युसेट्सच्या नवव्या तोफखाना तुकडीत तो बिगुल वाजवणारा होता. 1863 मध्ये गेटिसबर्गच्या लढाईत जखमी झालेल्या आपल्या कॅप्टनला त्याने गोळीबारातून बाहेर आणले आणि त्यासाठी त्याला पुढे अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. हाच माणूस घरच्या पत्रांच्या कडेला छावणीतील फजितीची चित्रे काढत असे. त्याची रेखाटने लोकांसमोर मोठ्या संख्येने आली ती 1887 मध्ये, दुसऱ्या एका माजी तोफखानी सैनिकाने लिहिलेल्या छावणी-जीवनावरील पुस्तकातून. त्यात त्याची दोनशेहून अधिक चित्रे आहेत, आणि दगडासारखी कडक बिस्किटे, हट्टी खेचरे व स्वयंपाकातील गोंधळ हे त्यांतील बरेचसे विषय आहेत. म्हणजे विषय पन्नास वर्षांनंतरही बदलले नाहीत. बिस्किटाच्या जागी जॅम आला, एवढेच.

बदलले ते छपाईचे तंत्र. त्या काळी वृत्तपत्रात चित्र छापायचे तर ते लाकडी ठोकळ्यावर कोरावे लागे, आणि कोरणारा कारागीर मूळ रेघ आपल्या हाताने पुन्हा घडवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस छायाचित्रणाच्या साहाय्याने रेषाचित्राचा ठसा थेट धातूवर उतरवता येऊ लागला. त्यामुळे खंदकात पेन्सिलीने किंवा शाईने काढलेली रेघ थोड्याच आठवड्यांत लंडनमधील वाचकासमोर जशीच्या तशी येऊ लागली. त्याच्या जोडीला लिहिता-वाचता येणारे लाखो शिपाई आणि नियमित चालणारे सैनिकी टपाल होते. या तीन गोष्टी एकत्र आल्या नसत्या तर ओल्ड बिलही एखाद्या ट्रंकेत पडून राहिला असता.

प्रश्न : सैन्यात शिस्त एवढी कडक असते. अधिकाऱ्यांची थट्टा करणारी चित्रे वरिष्ठ कशी खपवून घेत?

काही खपवून घेत, काही घेत नसत, आणि या प्रश्नावरचा सर्वांत रंगतदार तंटा दुसऱ्या महायुद्धात झाला. बिल मॉल्डिन हा न्यू मेक्सिकोत 1921 साली जन्मलेला तरुण अमेरिकन सैन्याच्या 45 व्या पायदळ डिव्हिजनमध्ये होता. ती डिव्हिजन 1943 मध्ये सिसिलीत उतरली आणि पुढे इटलीच्या डोंगरांत लढली. मॉल्डिन स्वतःही कसिनोजवळ उखळी तोफेच्या गोळ्याने जखमी झाला. आधी डिव्हिजनच्या पत्रात आणि नंतर ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स’ या सैनिकी दैनिकात तो विली आणि जो या दोन शिपायांची चित्रे काढत असे. दोघांच्या दाढ्या वाढलेल्या, डोळ्यांखाली काळे, कपडे चिखलाने ताठ झालेले. मॉल्डिनची रेघ जाड ब्रशची आणि काळीभोर आहे. ओबडधोबड छपाईतही ती टिकते, आणि त्या दोघांच्या अंगावरचा ओलावा तिच्यातून जवळजवळ हाताला लागतो.

जनरल जॉर्ज पॅटन यांना हे मुळीच रुचत नसे. त्यांच्या तिसऱ्या आर्मीत आघाडीच्या मागेही गळ्यात टाय, डोक्यावर शिरस्त्राण आणि तुळतुळीत दाढी यांबद्दल कडक नियम होते, आणि मोडणाऱ्याला दंड होई. मॉल्डिनने एक चित्र काढले. तिसऱ्या आर्मीच्या हद्दीवर एक भलामोठा फलक आहे, त्यावर कोणत्या गुन्ह्याला किती दंड याची लांबलचक यादी आहे, आणि आपल्या मोटारीत बसलेले विली आणि जो ती वाचून ठरवतात की साहेबाला बिनतारी संदेश द्यावा : हजार मैलांचा वळसा घालावा लागत असल्यामुळे पोहोचायला उशीर होईल.

पॅटन यांनी आपल्या हद्दीत हे दैनिकच बंद करण्याची भाषा केली. अखेर युरोपातील दोस्त सैन्याचे सरसेनापती आयझेनहॉवर यांच्या मुख्यालयाने मध्यस्थी करून 1945 च्या मार्चमध्ये मॉल्डिनला लक्झेंबर्ग येथे पॅटन यांच्या भेटीला पाठवले. तेवीस वर्षांचा सार्जंट आणि चार ताऱ्यांचे मानकरी होऊ घातलेले जनरल समोरासमोर बसले. जनरलांनी शिस्तीवर व्याख्यान दिले, सार्जंटने थोडेसे आपले म्हणणे मांडले, आणि दोघांपैकी कोणाचेही मत तसूभर बदलले नाही. चित्रे चालूच राहिली. त्याच वर्षी मॉल्डिनला अमेरिकेतील पत्रकारितेचे मानाचे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

आयझेनहॉवर यांनी चित्रांना हात लावू दिला नाही यामागे केवळ उदारपणा होता असे मला वाटत नाही. शिपाई कुरकुर करणारच. ती त्याने छापील चित्राकडे बघून केली तर हसण्यात विरते, आणि मनात ठेवली तर कोठे फुटेल सांगता येत नाही. ब्रिटिश सैन्याचा अनुभवही असाच होता. बर्न्सफादरच्या चित्रांवर सुरुवातीला वीरांचे विद्रूपीकरण केल्याचा आरोप झाला. पुढे त्याच सैन्याने त्याला अधिकृत व्यंगचित्रकाराचे काम दिले आणि फ्रेंच, इटालियन व अमेरिकन आघाड्यांवरही चित्रे काढायला पाठवले.

प्रश्न : मॉल्डिनला ज्या चित्राबद्दल पारितोषिक मिळाले, त्यात हसण्यासारखे काय आहे? मला ते पाहून वाईटच वाटले.

आपल्याला वाईट वाटले म्हणजे चित्र आपल्यापर्यंत नीट पोहोचले. धो धो पावसात, पडझड झालेल्या वस्तीतून एक अमेरिकन शिपाई काही जर्मन कैद्यांना घेऊन चालला आहे. सगळ्यांच्या माना खाली, सगळ्यांचे चेहरे सारखेच गळून गेलेले. शिरस्त्राण आणि बंदूक पाहिल्याशिवाय कैदी कोण आणि पकडणारा कोण हे ओळखू येत नाही. त्याखाली वृत्तपत्री भाषेतील बातमी दिली आहे, तिचा आशय असा : विजयाने उल्हसित झालेले, ताज्या दमाचे अमेरिकन सैनिक भुकेल्या, फाटक्या, थकलेल्या हजारो कैद्यांना घेऊन येत आहेत. विनोद चित्रात नाही आणि ओळीतही नाही. दोहोंच्या मध्ये जी दरी आहे तिच्यात तो आहे. घरी बसून वर्तमानपत्र वाचणाऱ्याला उद्देशून तो आहे, म्हणून त्याची चव कडू आहे.

मॉल्डिनची हलकीफुलकी चित्रेही आहेत. घोडदळाच्या परंपरेत वाढलेला जुना सार्जंट आपल्या जीपचा कणा मोडला म्हणून एका हाताने डोळे झाकून तिला पिस्तुलाची गोळी घालतो, हे चित्र कोणत्याही स्पष्टीकरणाशिवाय कोणालाही हसवील. त्याच्या पुष्कळ चाहत्यांचे ते आवडते आहे. माझेही.

प्रश्न : शब्दांशिवाय काढलेली अशी चित्रे आहेत काय?

आहेत. डिस्ने स्टुडिओत काम केलेला जॉर्ज बेकर 1941 मध्ये सैन्यात भरती झाला, आणि 1942 च्या जूनपासून ‘यँक’ या सैनिकी साप्ताहिकात त्याची ‘सॅड सॅक’ ही चित्रमालिका सुरू झाली. ढगळ गणवेशातला हा शिपाई सहसा एक शब्दही बोलत नाही. सैन्य त्याच्यावर काय काय करते ते आपण नुसते पाहत जातो. लैंगिक आरोग्यावरचा सैन्याचा माहितीपट पाहून तो इतका घाबरतो की पुढे एका तरुणीशी हस्तांदोलन करायची वेळ येते तेव्हा तो आधी हातात रबरी मोजा चढवतो. याला ओळ जोडली असती तर ती कमी पडली असती.

प्रश्न : गोळीबाराच्या टप्प्यात राहून कागद, शाई आणि छापखाना यांची सोय कशी होत असे?

बहुतेकदा होतच नसे, आणि त्या टंचाईची छाप कामावर पडे. बेल्जियममधील ईपर शहराच्या अवशेषांत शेरवुड फॉरेस्टर्सच्या बाराव्या बटालियनला एक सोडून दिलेला छापखाना सापडला. तुकडीतील एका सार्जंटला नागरी जीवनात छपाईचे काम येत होते. त्याने यंत्र चालू केले, आणि कॅप्टन रॉबर्ट्स व लेफ्टनंट पिअर्सन यांनी 12 फेब्रुवारी 1916 रोजी ‘वायपर्स टाइम्स’चा पहिला अंक काढला. ईपर हे नाव इंग्रज शिपायांच्या जिभेवर बसेना, ते त्याला ‘वायपर्स’ म्हणत, त्यावरून हे नाव. छपाईचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, इतके अपुरे की काही अक्षरे एका पानाला जेमतेम पुरत. एक पान जुळवायचे, छापायचे, सोडायचे आणि मग पुढचे पान जुळवायचे, असा क्रम होता. पहिल्या अंकाच्या सुमारे शंभर प्रती निघाल्या.

अशा स्थितीत चित्रांना जागा थोडीच मिळाली. हे पत्र मुख्यतः खोट्या जाहिराती, विडंबनकविता आणि बनावट बातम्यांवर चाले. पण हाताने कोरलेल्या ठोकळ्यांवरून छापलेली जी थोडी चित्रे त्यात आहेत त्यांत एक न विसरता येणारे आहे : हनुवटी जवळजवळ नसलेला एक तरुण अधिकारी हातात छडी घेऊन उभा आहे आणि स्वतःलाच विचारतो आहे की मी जितका अप्रिय होऊ शकतो तितका झालो आहे ना? सैन्याला त्या सुमारास चढाईची वृत्ती अंगी बाणवण्याचा वरून सतत उपदेश होत असे. इंग्रजीत ‘चढाईखोर’ आणि ‘तिरस्करणीय’ यांसाठी एकच शब्द चालतो, त्यावर ही कोटी आहे. मराठीत ती साधत नाही, हे मी मान्य करतो.

तुर्कस्तानातील गॅलिपोलीच्या किनाऱ्यावरील ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडच्या सैनिकांनी 1915 च्या अखेरीस स्वतःच्या लेखांचे व चित्रांचे एक पुस्तक जमवले. युद्धवार्ताहर चार्ल्स बीन यांनी त्याचे संपादन केले, आणि ते पुढच्या वर्षी लंडनहून प्रसिद्ध झाले. हिवाळा तेथेच काढायचा या कल्पनेने ते हाती घेतले होते. प्रत्यक्षात पुस्तक छापून येण्याआधीच सैन्य तेथून काढून घेण्यात आले. त्यातील मजकूर आणि चित्रे डगआउटमध्ये, म्हणजे जमिनीत खणलेल्या आसऱ्यांत, मिळेल त्या साहित्याने, तोफांच्या माऱ्याखाली तयार झाली होती.

प्रश्न : युद्धकैद्यांनीही विनोदी चित्रे काढली काय? तेथे हसण्याजोगे काय असणार?

रॉनल्ड सर्ल हे नाव येथे पुरेसे आहे. रॉयल इंजिनिअर्समधील हा तरुण 1942 च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले तेव्हा जपान्यांचा कैदी झाला. सिंगापुरातील चांगी येथील कैद आणि नंतर सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवरची वेठबिगार या दोन्हींतून तो जगून बाहेर आला. त्या काळात त्याने गुपचूप चित्रे काढली. सापडला असता तर जीव गेला असता. कॉलऱ्याने मरणाऱ्या सोबत्यांच्या अंथरुणाखाली ती लपवली जात, कारण पहारेकरी तेथे झडती घ्यायला धजत नसत. सुमारे तीनशे चित्रे वाचली आणि ती आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहेत.

ही चित्रे हास्यचित्रे नव्हेत. ती साक्ष म्हणून काढलेली आहेत. पण त्याच माणसाने त्याच कैदेत हस्तलिखित मासिकासाठी गमतीची चित्रेही काढली, आणि सैन्यात भरती झाल्यानंतर, कैद होण्यापूर्वी, ज्या उपद्व्यापी शाळकरी मुलींचे पहिले चित्र त्याने काढले होते (1941 च्या ऑक्टोबरमध्ये ते एका इंग्रजी मासिकात छापले गेले) त्यांना सुटकेनंतर त्याने जगप्रसिद्ध केले. त्या मुली वर्गमैत्रिणींचा छळ करतात, विष कालवतात, आणि आपण हसतो. त्यांच्या थंड क्रौर्याचे मूळ रेल्वेवर पाहिलेल्या गोष्टींत आहे असे अनेकांनी सुचवले आहे. पहिले चित्र त्याआधीचे असल्यामुळे मी एवढेच म्हणेन की मुली आधीच्या होत्या, त्यांच्या हातची हत्यारे नंतर अधिक धारदार झाली.

प्रश्न : आमच्या घरातील एका दिवंगत सैनिकाची वही सापडली आहे. तिच्यात पेन्सिलीने काढलेली विनोदी चित्रे आहेत. पाने पिवळी पडली असून काही सुटली आहेत. काय करावे?

सर्वप्रथम, काय करू नये ते सांगतो. सुटलेली पाने चिकटपट्टीने जोडू नयेत. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन कागदात उतरतो. प्लास्टिकमध्ये लॅमिनेशन तर कधीच करू नये, कारण उष्णता आणि डिंक यांनी झालेले नुकसान परत भरून निघत नाही. पुसट रेघा पुन्हा गिरवू नयेत आणि डाग ओल्या कापडाने पुसू नयेत. ओलाव्याबद्दल विशेष सावध राहावे : महायुद्धांच्या काळात सैनिकांत एक प्रकारची पेन्सिल सर्रास वापरली जाई, तिची रेघ कोरडी असताना करडी दिसते आणि पाण्याचा थेंब लागताच जांभळी होऊन फुटते.

आता करण्याजोगे. प्रत्येक पान, कोरे असले तरी, आहे त्याच क्रमाने चांगल्या प्रतीच्या स्कॅनरवर किमान 600 डीपीआयने (दर इंचाला 600 ठिपके) टिपून घ्यावे. मागची बाजूही टिपावी, कारण तारखा आणि नावे पुष्कळदा तेथेच असतात. वही जुनी असून पाठ कमकुवत झाली असेल तर ती दाबून सपाट न करता वरून छायाचित्रे घ्यावीत. नंतर पानांमध्ये आम्लरहित पातळ कागद घालून वही आम्लरहित खोक्यात आडवी, कोरड्या आणि अंधाऱ्या जागी ठेवावी. भिंतीवर लावायची असल्यास प्रत लावावी, मूळ नव्हे.

आणि सर्वांत निकडीचे काम कागदाचे नाही. सैनिकाच्या विनोदाला संदर्भ लागतो : चित्रातला तो जाडा सुभेदार कोण, ‘पुन्हा तेच’ असे ज्या डब्यावर लिहिले आहे त्यात काय होते, कोणाच्या टोपणनावावर सगळे हसत. हे सांगू शकणारे वयोवृद्ध नातेवाईक किंवा जुने सोबती हयात असतील तर वही घेऊन त्यांच्याकडे बसावे, एकेक चित्र दाखवून विचारावे आणि बोलणे ध्वनिमुद्रित करावे. दहा वर्षांनी चित्र असेल, त्यातले हसू नसेल. मग एखाद्या सैनिकी संग्रहालयाला किंवा ज्या रेजिमेंटमध्ये ते होते तिच्या अभिलेखागाराला निदान प्रती तरी जरूर द्याव्यात.

प्रश्न : युद्ध संपल्यावर विली आणि जो यांचे पुढे काय झाले?

मॉल्डिनच्या मनात त्यांना युद्धाच्या शेवटच्या दिवशी मारून टाकायचे होते. संपादकांनी ते छापणार नाही असे सांगितले, म्हणून ते वाचले. 1945 च्या जूनमध्ये विलीचा दाढी वाढलेला चेहरा ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकला. घरी परतलेल्या त्या दोघांना मॉल्डिनने काही काळ नागरी कपड्यांत काढून पाहिले, पण ते त्यांच्या अंगाला बसेनात. दाढी करून कोट घातलेल्या विलीकडे पाहताना वाचकालाही अवघडल्यासारखे होते. पुढे मॉल्डिन राजकीय व्यंगचित्रांकडे वळला, 1959 मध्ये त्याला दुसऱ्यांदा पुलित्झर मिळाले, आणि विली व जो यांना त्याने क्वचितच बाहेर काढले : दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकन सेनानींपैकी एकदा जनरल मार्शल यांच्या निधनानंतर, एकदा जनरल ब्रॅडली यांच्या.

अखेरच्या दिवसांत मॉल्डिन कॅलिफोर्नियातील एका शुश्रूषागृहात होता आणि स्मृती जवळजवळ गेलेली होती. 2002 मध्ये ही बातमी वृत्तपत्रांतून पसरली, तेव्हा दुसऱ्या महायुद्धात लढलेले म्हातारे सैनिक त्याच्या खाटेशी येऊन बसू लागले आणि ज्यांना येणे शक्य नव्हते त्यांनी पत्रे पाठवली. दहा हजारांहून अधिक पत्रे आली. ती त्याला वाचून दाखवली जात. 2003 च्या जानेवारीत तो गेला.